ज ला पहिली, न ला दुसरी

मी एक जुनी दगडी पाटी आहे. पाटी म्हटले की तुम्हाला शाळा आठवेल. पण मित्रांनो, मला शाळा सोडून बरीच वर्षे झाली. सध्या मी नोकरी करते. बडनेऱ्याच्या रेल्वे स्टेशनावर भाड्याच्या गाडीचा चालक ज्या पाटीवर प्रवाशाचे नाव लिहून उभा असतो ना, ती मी. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, चौकटीचा एक खिळा सुटला आहे. पण उन्हात, वाऱ्यात, गर्दीत माझ्यावरचे नाव वीस पावलांवरून वाचता येते. ही बढाई नव्हे. बरे, थोडी बढाई आहेच.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका खाणीत झाला. तिथून कापून, घासून, लाकडी चौकटीत बसवून मला अमरावतीच्या बाजारात आणले. खुशालरावांनी मला आपल्या मुलीसाठी, प्राजक्तासाठी, विकत घेतले. प्राजक्ता तेव्हा पहिलीत होती. ती अक्षरे छान काढायची, पण मला थुंकीने पुसायची. "तसं पुसलं की विद्या जाते वं!" म्हणून तिची आई माणिकबाई ओरडायची. विद्या काही गेली नाही. प्राजक्ता चांगली बी. कॉम. झाली. मी मात्र तिसरीनंतर माळ्यावर जाऊन पडले.

खुशालराव मूळचे मोर्शीकडचे. अमरावतीत येऊन त्यांनी एक गाडी घेतली, मग दुसरी घेतली आणि बायकोच्या नावाने 'माणिक टूर्स' हे छोटेसे ऑफिस थाटले. एकदा स्टेशनावर ते पुठ्ठ्यावर नाव लिहून उभे होते. वारा आला आणि पुठ्ठा प्रवाशाच्या नावासकट रुळांवर गेला. घरी आल्यावर ते तडक माळ्यावर चढले आणि मला खाली काढले. त्या दिवशी माझे दुसरे आयुष्य सुरू झाले.

काय काय नावे लिहिली गेली माझ्यावर! मेळघाटात वाघ पाहायला येणाऱ्यांची, चिखलदऱ्याला लग्नानंतर फिरायला निघालेल्यांची, रिद्धपूरच्या दर्शनाला जाणाऱ्यांची. रिद्धपूरचे यात्रेकरू गाडीत बसताना 'दंडवत' म्हणायचे. मीही मनातल्या मनात दंडवत घालायचे. कधी अकोल्याला उतरणारा प्रवासी असला की मला तिकडचाही प्रवास घडायचा. परक्या गावात उतरलेला माणूस गर्दीत भांबावून इकडेतिकडे पाहतो, मग त्याला माझ्यावर स्वतःचे नाव दिसते आणि त्याचा चेहरा फुलतो. तो फुललेला चेहरा सगळ्यात आधी मला दिसतो. यापेक्षा मोठा पगार कोणाला हवा?

आता खरे सांगते, आमच्या खुशालरावांचे बोलणे म्हणजे सोललेल्या लाकडासारखे. त्यावर पॉलिश नाही. कोणी गाडी मागितली की ते फोनवर विचारायचे, "काहून पायजे गाडी?" त्यांना जाणून घ्यायचे असायचे की घाट चढायचा आहे की गावातच फिरायचे आहे, म्हातारे माणूस सोबत आहे की लेकरे आहेत. त्यावरून ते गाडी ठरवत. पण पुण्याच्या एका साहेबांना ते लागले. त्यांनी इंटरनेटवर आमच्या नावापुढे एकच तारा ठेवला आणि लिहिले, 'गाडी कशाला हवी, असा उद्धट प्रश्न विचारतात.' दुसऱ्या एका बाईंना खुशालराव म्हणाले होते, "येऊन राहिलो, येऊन राहिलो." म्हणजे आमच्या वऱ्हाडीत, येतोच आहे. बाईंना वाटले, हे गृहस्थ येऊन कुठेतरी राहिलेच आहेत. त्या अर्धा तास स्टेशनाबाहेर प्रत्येक गाडीत डोकावत फिरल्या आणि खुशालराव तेव्हा कुठे अमरावतीतच, राजापेठच्या पुलावर होते. तिथेही एकच तारा.

प्राजक्ताने ऑफिसचा कारभार हाती घेतला तेव्हा तिने हे तारे मोजले आणि कपाळावर हात मारला. तिने भिंतीवर एक कागद चिकटवला: 'गिऱ्हाइकाशी बोलताना: नमस्कार म्हणणे. कृपया म्हणणे. काहून म्हणू नये.'

"मंग का म्हनू?" खुशालरावांनी विचारले.

"कशासाठी म्हणा, बाबा. आणि हसून म्हणा."

खुशालरावांनी चार दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "नमस्कार. कृपया कशासाठी पायजे गाडी?" असे ते इतके जपून म्हणत की फोनवरच्या माणसाला वाटे, यांच्या घरी काही वाईट घडले आहे.

त्याच सपाट्यात माझीही गच्छंती झाली. प्राजक्ताने एक चकचकीत टॅब आणला. त्यावर नाव टाईप केले की रंगीत अक्षरे उजळत. आणि मी? मला ऑफिसातल्या माठावर झाकण म्हणून ठेवले. मित्रांनो, माठावर बसण्यात कमीपणा नाही, गारवाही चांगला असतो. पण जिच्यावर माणसांची नावे लिहिली गेली, तिच्यावर स्टीलचा पेला उपडा घातला की जीव कसनुसा होतो.

माठावर असल्यामुळेच फेब्रुवारीतला तो फोन मला ऐकू आला. पुण्याहून इशिता नावाची मुलगी बोलत होती. प्राजक्ताने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"माझी आजी येतेय, सरोजिनी देशमुख. एकोणऐंशी वर्षांची आहे, शाळेत मुख्याध्यापिका होती, एकटीच येतेय. तिला बडनेऱ्याहून मोर्शीजवळच्या मळ्यात न्यायचंय. तिची धाकटी बहीण कौशल्या पंच्याहत्तर वर्षांची झाली. तिची संत्र्यांनी तुला करणार आहेत, दुपारी बारा वाजता. मॅडम, जरा नाजूक प्रकरण आहे. आठ वर्षं दोघी बोलत नव्हत्या. कौशल्याआजीने निरोप पाठवला, ताई आल्याशिवाय मी काट्यावर बसणार नाही. तेव्हा कुठे आजी तयार झाली. पण ती कधी फिरेल याचा नेम नाही. तुम्ही प्लीज जपून आणा."

"जपून आणू," प्राजक्ता म्हणाली आणि वडिलांना चार-चारदा बजावले. टॅबवर पूर्ण नाव, चेहऱ्यावर हसू, आणि काहून अजिबात नाही.

खुशालरावांनी मान डोलावली. पण त्या दिवशी निघताना त्यांनी पेला बाजूला ठेवून मला हळूच उचलले आणि सीटखाली सरकवले. त्यांचा त्या टॅबवर विश्वास नव्हता. मला तर माठ सोडून पळावेसेच वाटत होते.

पुण्याची गाडी दहा वाजता फलाटावर आली. खुशालरावांनी टॅब उंच धरला. आमच्या वऱ्हाडातले ऊन फेब्रुवारीतही काही लेचेपेचे नसते. त्या उन्हात टॅबच्या काचेत आभाळ दिसले, खुशालरावांच्या मिशा दिसल्या, नाव मात्र दिसेना. त्यांनी घाईघाईने मला काढले, खडू घेतला आणि थांबले. मग भराभर एकच शब्द लिहिला: 'देशमुख'.

अमरावती जिल्ह्यात स्टेशनावर 'देशमुख' अशी पाटी धरायची म्हणजे लग्नाच्या मांडवात 'जेवायला चला' असे ओरडण्यासारखे आहे. आधी एक सुटकेसवाले देशमुख आले. मग नवराबायको देशमुख आले. मग पाठीला बॅग लावलेला एक तरुण देशमुख आला.

"मोर्शीले जाता का तुमी?" खुशालरावांनी त्याला विचारले.

"नाई," तो म्हणाला, "पन सोडत असान तं बसतो."

सगळ्या देशमुखांना वाटेला लावेपर्यंत फलाट रिकामा झाला. बाकावर एकच म्हातारी बाई उरली. ताठ बसलेली, मोतिया रंगाची साडी, मांडीवर निळी पिशवी. ती माझ्याकडे पाहायची आणि पुन्हा तोंड फिरवायची. मी जन्मभर फुललेले चेहरे पाहिले. माझ्यावरचे नाव वाचून मिटलेला चेहरा मी पहिल्यांदा पाहिला.

तेवढ्यात प्राजक्ताचा फोन आला. "बाबा, इशिताताईंनी सांगितलं, आजी म्हणतात मी दुपारच्या गाडीने परत येते. आता त्या फोनच उचलत नाहीत. बाबा, काहीतरी करा!"

खुशालराव बाकापाशी गेले. "नमस्कार. कृपया सरोजिनीबाई का तुमी?"

"मला कशाला विचारता?" बाई म्हणाल्या. शब्द शुद्ध, आवाज धारदार. "तुमच्या पाटीवर देशमुख आहे ना? शोधा तुमचे देशमुख. मी इथेच ठीक आहे. सव्वाबाराच्या गाडीने परत जाणार आहे."

खुशालराव हसायचे विसरले, कृपया विसरले, भिंतीवरचा कागद विसरले. ते बाकासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काहून रुसल्या, माय?"

मी मनात म्हटले, संपले. आता आणखी एक तारा.

बाईंनी एकदम वळून पाहिले. "काय म्हणालात?"

"काहून रुसल्या?"

बाईंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "पन्नास वर्षांत मला कोणी काहून विचारलं नाही हो," त्या म्हणाल्या. "पुण्यात विचारतात, काय झालं? बरं वाटत नाही का? पण काहून... आमची आई विचारायची."

आणि मग त्यांनी सांगितले. आठ वर्षांपूर्वी कौशल्याबाईंच्या मुलाचे लग्न झाले. पत्रिकेत सगळ्या मावश्या, आत्या, काकवा नावानिशी छापल्या होत्या. सरोजिनीबाईंचे नाव कुठेच नव्हते. तळाशी एक ओळ होती: 'समस्त देशमुख परिवार, पुणे.' सख्ख्या थोरल्या बहिणीला समस्तात ढकलले! त्या लग्नाला गेल्या नाहीत. नंतर बहिणीचे फोन आले, तर 'कामात आहे' म्हणून ठेवून दिले. "आणि आज म्हातारपणी सगळं गिळून आले," त्या म्हणाल्या, "तर तुमच्या पाटीवर पुन्हा तेच. देशमुख! मला काही नाव आहे की नाही?"

खुशालरावांचा चेहरा उतरला. "नाव हाये ना बाई. लय सुंदर हाये. पन मले वेलांटीचं समजत नाई. ज ले पयली का दुसरी, न ले पयली का दुसरी? तुमी हेडमास्तरीन होत्या म्हने. चुकीचं लिवण्यापरीस आडनाव बरं, असं वाटलं मले." एवढे बोलून त्यांनी मला बाईंच्या हातात दिले आणि वर खडू ठेवला. "तुमीच लिवा."

मित्रांनो, तो हात! चाळीस वर्षे शाळेत शिकवलेला हात. मला तो लगेच ओळखू आला. बाईंनी आधी 'देशमुख' पुसले, थुंकीने नाही, रुमालाने. मग लिहिले: सरोजिनी. वर रेघ अशी सरळ की वाटावे पट्टी धरली. "ज ला पहिली, न ला दुसरी," त्या पुटपुटल्या. वर्षानुवर्षांनी मी पुन्हा शाळेत गेले.

खुशालरावांनी मला घेतले आणि ते पार फलाटाच्या टोकाशी, दाराजवळ जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरले. बाई काय समजायचे ते समजल्या. त्यांनी पदर सारखा केला, निळी पिशवी उचलली आणि जणू आत्ताच गाडीतून उतरल्या आहेत अशा ऐटीत आमच्याकडे चालत आल्या. आणि माझ्यासमोर येताच त्यांचा चेहरा फुलला.

अकरा वाजायला आले होते. खुशालराव जपून गाडी चालवत होते, कारण प्राजक्ताने 'जपून' सांगितले होते. नांदगाव पेठ मागे पडले तशी बाईंची चुळबूळ वाढली. रिद्धपूरचा फाटा दिसला तेव्हा त्या घड्याळ पाहून म्हणाल्या, "अहो, जरा वेग वाढवता का?" आणि दुतर्फा संत्र्याच्या बागा लागल्या, तो वास काचेच्या फटीतून आत आला, तशी त्यांच्या जिभेवरची पन्नास वर्षांची पुण्याची साय फाटलीच. "आता हाणा ना गाडी, बाप्पा! माही कौसा तिकडे वाट पाहून राहिली!"

खुशालराव इतके हसले की त्यांना आरशात नीट दिसेना. त्यांनी गाडी हाणली.

मळ्यात कडुनिंबाच्या जाड फांदीला कापूस मोजायचा जुना काटा टांगला होता. एका पारड्यात संत्री रचलेली, दुसरे रिकामे. गावाचे गाव जमलेले. काट्याशेजारी खुर्चीवर हिरव्या साडीतल्या कौशल्याबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. सव्वाबारा वाजले होते, मुहूर्त गेला म्हणून मंडळी कुजबुजत होती, पण त्या उठायला तयार नव्हत्या. गाडीचे दार उघडले, तशा त्या पंच्याहत्तराव्या वर्षी तीरासारख्या आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून वं सरूताई? पुण्याहून याले आठ वर्सं लागते का?"

"आणि तू?" सरोजिनीबाईही कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. मी त्यांच्या काखेतच होते. गाडीतून उतरताना त्यांनी मला सोबत घेतले होते. "पत्रिकेत माहं नाव काहून नाई टाकलं?"

आठ वर्षे पोटात ठेवलेला प्रश्न एका शब्दात बाहेर आला होता.

कौशल्याबाईंनी खाली पाहिले. "छापखान्यातला मानूस इचारे, सरोजिनी कसं लिवता, पयली का दुसरी? मी चौथीत शाळा सोडली. लहानपनी तू ह्याच वेलांट्याइपायी माह्या बोटावर पट्टी हाणत होती, आठोते का? म्या म्हटलं, नाव चुकलं तं ताई भर मांडवात माहा कान धरन. मंग समस्त लिवून टाकलं. समस्तात तू येत नाई का?"

सरोजिनीबाईंचा हात आपोआप माझ्यावरच्या नावावर गेला. "तूही वेलांटीलाच भ्यालीस?" त्या हळूच म्हणाल्या. "वेलांटीला नाही. मलाच भ्यालीस." आणि मग त्यांना रडू आले. कौशल्याबाईंना त्याहून मोठे आले. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या आणि मधल्यामध्ये मी चेपले जात होते. पाटीचा दगड फुटू शकतो, याची मला काळजी वाटत होती, पण तिथून हलावे असे वाटत नव्हते.

मग बाईंनी खडू बहिणीच्या हातात दिला. "लिव." कौशल्याबाईंनी मोठाल्या, वाकड्या अक्षरांत, थोरलीच्या नावाखाली, थोरलीचेच नाव लिहिले. ज ला पहिली, न ला दुसरी. एकही चूक नाही. पट्टी कोणी मारली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कौशल्याबाई एकदाच्या काट्यावर बसल्या. संत्र्यांचे पारडे वर राहिले. आणखी टोपली आली, आणखी संत्री पडली. पारडे खाली येत येत बोटभर वर अडले आणि जवळची टोपली रिकामी झाली. कोणी तरी बागेकडे धावू लागले. तेवढ्यात सरोजिनीबाईंनी मला उचलले आणि संत्र्यांच्या वर अलगद ठेवले. दोन्ही पारडी बरोबर एका रेषेत आली.

"पाह्यलं का?" कौशल्याबाई काट्यावरूनच ओरडल्या. "माह्या ताईच्या नावाले वजन हाये!"

मित्रांनो, माझे वजन जेमतेम तीन संत्र्यांएवढे आहे. पण त्या दिवशी मी स्वतःला कोणी तरी मोठी समजत होते, आणि अजूनही थोडी समजते.

मी त्याच दिवशी खुशालरावांबरोबर परतले. तीन दिवसांनी ते बाईंना परत न्यायला गेले. स्टेशनावर निरोप द्यायला प्राजक्ताही आली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या. "हे काय? अजून माझंच नाव? तीन दिवस बाकीच्या गिऱ्हाइकांना कसं आणलंत?"

"पुठ्ठ्यावर लिवून," खुशालराव म्हणाले. "हे पुसवत नाई बाई."

"पाटी पुसली नाही तर पुढचं शिकायचं कशावर?" असे म्हणून त्यांनी पदराच्या टोकाने मला स्वच्छ पुसले. मग खडू खुशालरावांपुढे केला. "लिहा माझं नाव. न पाहता."

खुशालरावांना घाम फुटला. ओठ हलवत, एकेक अक्षर काढत त्यांनी लिहिले: सरोजिनी. बाईंनी नाव तपासले आणि खाली कोपऱ्यात, शाळेत द्यायच्या तसे गुण दिले: १० पैकी ९.

"एक काहून कापला?" खुशालराव म्हणाले आणि चटकन जीभ चावून त्यांनी लेकीकडे पाहिले.

"कापला नाही, राखून ठेवला," बाई म्हणाल्या. "तो द्याले पुढच्या संत्र्याच्या हंगामात येतो मी. तुमीच घ्याले या."

प्राजक्ताने माझा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. खाली तिने काहीच लिहिले नाही. ऑफिसात गेल्यावर तिने भिंतीवरच्या कागदातली एक ओळ खोडली. कोणती, ते तुम्ही ओळखाल. आणि माठावर आता स्टीलची ताटली असते.

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाला समस्तात ढकलू नका. नाव येत नसेल तर लाजू नका, भिऊ नका, सरळ विचारा. आमचे खुशालराव आता प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवर विचारतात, "नाव कसं लिवता? पयली का दुसरी?" लोक आधी चकित होतात, मग हसतात आणि मग आपले नाव सांगताना त्यांचा आवाज बदलतो. आणि हो, पाटी जपून वापरा, पण वेळेवर पुसा. थुंकीने मात्र नको.

आज सकाळीच मला ओल्या फडक्याने पुसले आहे. खुशालराव खडू घेऊन नवे नाव काढत आहेत आणि फलाटावर लोक रुळांकडे वाकून पाहत आहेत. गाडी येऊन राहिली आहे.